रूपसावरचा पंप

बालीगंज, कलकत्ता
२१ जानेवारी १९७९

प्रिय वृंदा,

तुझ्या दिवाळीच्या पत्राला आज उत्तर लिहितेय. उशीर मुद्दाम केला. अर्धवट काही लिहायचं नव्हतं, सगळं पुरतं हाती आलं की मगच कागद घ्यायचा असं ठरवलं होतं, आणि परवा ते हाती आलं. नागपूरच्या शाळेत गणित शिकवतेस, मुली बऱ्या आहेत, मन रमलंय असं लिहिलंस. वाचून बरं वाटलं. पण तुझं अक्षर मी इतकी वर्षं शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं आहे, आणि ते काही रमलेल्या माणसाचं वाटलं नाही. असो, त्याबद्दल पुढे बोलते.

आमच्याकडे नाना ठीक आहेत. सप्टेंबरच्या पुरात आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. खालच्या मजल्यावरच्या घोषकाकू त्यांच्या दोन मांजरांसकट चार रात्री आमच्याकडे होत्या. नाना इथेच जन्मले, इथेच शिकवून निवृत्त झाले, तरी पुरात एकच गोष्ट घोकत होते, ‘पुण्यात असं होत नाही.’ पुण्याला ते उभ्या आयुष्यात तीनदा गेले असतील! पाणी ओसरलं, पण वीज काही सुधारली नाही. रोज जाते, कधी कधी दिवसातून तीनदा. आता वीज गेली की कुणी अरेरेसुद्धा म्हणत नाही, नुसतं कंदिलाकडे वळतं. हे इतकं सांगण्याचं कारण आहे, या विजेचा पुढे संबंध येणार आहे.

ऑफिसात नवीन कॉम्प्युटर मशीन आलं. आपल्या ‘सुंदरी मरीन’च्या फाटकावर आठवडाभर सभा झाल्या, लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत मशीनविरुद्धच्या घोषणा लागल्या, शेवटी कुणाला काढणार नाही असं लिहून दिल्यावर क्रेट आत आले. मशीनबरोबर डिस्कचं कपाट आहे. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवत बसायची गरज नाही, हवं तिथे सरळ जाऊन वाचता येतं. तू असतीस तर त्या कपाटाला हळदकुंकू वाहिलं असतंस. सेनगुप्ताबाबूंनी मला खोलीत बोलावून सांगितलं, “कालिंदी, लाँचेसची माहिती या डिस्कवर कशा रूपात ठेवायची ते ठरवायचं आहे. एकदा ठरलं की दहापंधरा वर्षं हलवता येणार नाही. तू तुझं म्हणणं मांड. मुंबईहून मशीनवाल्यांचे सल्लागार येतायत, ते त्यांचं मांडतील.”

माझं म्हणणं म्हणजे खरं तर तुझंच. तुला आठवतं का, कँटीनमध्ये चहाचा ग्लास आपटून तू म्हणाली होतीस, “आपण लाँच धड ठेवतच नाही गं. सांगाडा एका टेपवर, इंजिनाचे भाग दुसऱ्या, तपासणी तिसऱ्या, रंगरंगोटी चौथ्या. खाटकासारखे तुकडे करून ठेवतो आणि मग रोज सकाळी जोडत बसतो.” तेव्हा आपण हसलो होतो. तू गेल्यावर मला लायब्ररीत नॉर्वेच्या काही लोकांचं काम वाचायला मिळालं. त्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याची अशी एक भाषा केली आहे की तिच्यात जहाज म्हणजे जहाज, पंप म्हणजे पंप. प्रत्येक वस्तू आपली माहिती आणि आपल्याला करता येणारी कामं स्वतःजवळ बाळगते, आणि दुसऱ्या वस्तूकडे नुसतं बोट दाखवते. मला ते वाचून तू भेटल्यासारखं झालं. अडचण एकच होती. प्रोग्रॅम संपला की त्यातल्या वस्तूही विरून जातात. मला त्या टिकायला हव्या होत्या. मशीन बंद करून आठवड्याने चालू केलं तरी तोच पंप, त्याच ओळखीचा, त्याचं सगळं पूर्वायुष्य घेऊन समोर यायला हवा होता. म्हणून मी ठरवलं की वस्तू जशीच्या तशी, अखंड डिस्कवर ठेवायची, तिला जन्मभराचा एक क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाला कधीच द्यायचा नाही.

सल्लागार निघाले आपल्यातलेच. श्रीकांत परचुरे, दादरचे. पहिल्या दिवशी माझ्याशी इंग्रजीत बोलले, दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फोनवर मी नानांना ‘भात लावू नका’ असं सांगताना त्यांनी ऐकलं आणि जागीच थबकले. “अहो, तुम्ही मराठी? मी बंगाली समजत होतो.” मी म्हटलं, “अर्धं कलकत्ता तसंच समजतं, त्याला काही इलाज नाही.” माणूस वाईट नाही, आणि हुशार आहे. त्यांचं म्हणणं होतं की सगळी माहिती सरळ तक्त्यांत ठेवा, एका ओळीत एक नोंद, ओळी सगळ्या सारख्या. महिनाअखेरचा खर्च काढायचा, कोणत्या लाँचची तपासणी राहिली ते काढायचं, तर तक्त्यांसारखं सोपं काही नाही. “तुमच्या या बोटं दाखवणाऱ्या वस्तू एकमेकींत गुंतल्या की सोडवणार कोण? उद्या नव्या जातीचं इंजिन आलं आणि पंपाचा आकारच बदलला, तर जुने साठवलेले पंप तुम्ही कसे बदलणार? आणि तुम्ही नोकरी सोडलीत तर हे कळणारा दुसरा माणूस या शहरात आहे का?” यातला एकही प्रश्न खोटा नव्हता. मी प्रत्येकाचं उत्तर शोधत बसले. काहींचं सापडलं. इंजिनाची जात बदलली तर जुनी वस्तू वाचताना नव्या आकारात आणायची आणि लिहिताना नवी लिहायची, हे करून पाहिलं, चाललं. अहवालांसाठी दर आठवड्याला वस्तूंवरून तक्ते वेगळे काढून द्यायचे, हेही जमलं, वेळ जास्त लागला तो लागला. शेवटच्या प्रश्नाला मात्र मी त्यांना म्हटलं, “आहे. पण सध्या नागपूरला आहे.”

सेनगुप्ताबाबूंनी दोघांनाही एकेक लाँच घेऊन नमुना करून दाखवायला सांगितलं. परचुऱ्यांनी नवी कोरी लाँच घेतली. मी रूपसा घेतली.

रूपसाच का, हे तू विचारणार नाहीस. तिच्यावरच्या अपघाताशी तुझा संबंध नसता तरी मी तीच घेतली असती. दोन वर्षं झाली त्या गोष्टीला, आणि आपण तिच्याबद्दल एकमेकींशी कधीच बोललो नाही. तू भाजलेल्या निताई मंडलला बघायला हॉस्पिटलात गेलीस, परत आलीस, टेबलावर बसून नेहमीसारखी कार्डं तपासलीस. चौकशीच्या कागदावर ‘संगणक विभागाची चूक’ एवढी ओळ आली. तुझं नाव कुठे नव्हतं, पण चालवण्यास योग्य असल्याचा दाखला छापणारा प्रोग्रॅम कुणाचा हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. बॉयलरला पाणी देणारा पंप फुटला, उकळतं पाणी निताईच्या अंगावर आलं, आणि आदल्याच दिवशी तुझ्या प्रोग्रॅमने रूपसाच्या पंपापुढे ‘योग्य’ असं छापलं होतं. पुढच्या महिन्यात जयप्रकाशरावांची नागपूरला बदली झाली. तू राजीनामा दिलास, नवऱ्याबरोबर जायलाच हवं म्हणालीस. सगळ्यांनी ते मानलं. हावड्याला निरोप द्यायला आले होते तेव्हा तू खिडकीशी बसून पाण्याची सुरई दोन्ही हातांनी घट्ट धरली होतीस, आणि गाडी हलेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेव्हाच मला कळलं की ही बदलीमुळे जात नाहीये.

तर नमुन्यासाठी मला रूपसाच्या प्रत्येक भागाला स्वतःची ओळख द्यायची होती. कागदावरून नको, भाग डोळ्यांनी पाहून घ्यायचा असं ठरवलं. गोदीत उतरले. वेल्डिंगची माणसं म्हणाली, “दीदी, साडीला ग्रीस लागेल,” म्हटलं, लागू दे. पंप, झडपा, शाफ्ट, जिथे जिथे बनवणाऱ्याने ठोकलेला आकडा होता तो उतरवला. रूपसावर आता नवीन पंप आहे, पण तिचा सगळा इतिहास उभा करायचा तर फुटलेला पंपही हवा होता. तो भंगाराच्या शेडमध्ये पडून होता, चौकशीनंतर कुणी त्याला हात लावला नव्हता. चिंधीने पुसून आकडा वाचला. रूपसाला जो पंप कंपनीने बसवून दिला होता, त्याचा तो आकडाच नव्हता.

मी तशीच जुने कागद काढायला गेले, वृंदा, आणि तो आकडा मला केतकीच्या कागदांत सापडला. तो केतकीचा पंप होता. केतकी आठवते ना, जुनी, गोदीच्या टोकाला बांधून ठेवलेली लाँच. बाकीचं गोदीच्या कामाच्या वहीतून जुळलं. रूपसाचा स्वतःचा पंप तपासून झाला होता, उत्तम होता, आणि तपासणीनंतर पॉलिशला म्हणून काढून नेला होता. लाँचची मागणी होती, थांबायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून केतकीचा पंप काढून रूपसावर चढवला. केतकीच्या पंपाला चीर होती आणि तशी नोंदही झालेली होती, ‘वापरू नये’ म्हणून. पण ती नोंद केतकीच्या नावावर होती. केतकी बंद पडलेली, तिच्या नोंदी कपाटातल्या जुन्या टेपांवर. पंप एका लाँचवरून दुसऱ्या लाँचवर गेला, आणि त्याची चीर मागे राहिली. कारण आपल्या मांडणीत पंपाला स्वतःची ओळखच नव्हती गं. तो कायम ‘अमुक लाँचचा पंप’ होता. तुझ्या प्रोग्रॅमने विचारलं, रूपसाच्या पंपाची तपासणी झाली का? उत्तर आलं, झाली, उत्तम आहे. उत्तर बरोबरच होतं, फक्त ते दुसऱ्या पंपाबद्दल होतं. मी तुझा प्रोग्रॅम पुन्हा ओळीओळीने वाचला. त्यात एक स्वल्पविरामसुद्धा चुकलेला नाही. त्या जागी सेनगुप्ताबाबूंनी लिहिला असता, मी लिहिला असता, परचुऱ्यांनी लिहिला असता, तरी त्याने ‘योग्य’ असंच छापलं असतं.

हे मी लगेच कुणाला सांगितलं नाही. नुसतं सांगितलं असतं तर ‘हो का, वाईट झालं’ म्हणून सोडून दिलं असतं. मला ते सगळ्यांसमोर, मशीनवर घडताना दाखवायचं होतं.

बैठकीला संचालकांपैकी दोघे आले होते. परचुऱ्यांनी त्यांचा नमुना दाखवला, देखणा होता, अहवाल भराभर निघाले, संचालक खूश. मग माझी पाळी. मी रूपसा आणि केतकी दोन्ही डिस्कवर ठेवल्या होत्या, अपघाताच्या आधी होत्या तशा. केतकीचा पंप काढला आणि रूपसाला जोडला, म्हणजे रूपसाने त्या पंपाकडे बोट दाखवलं, बाकी काही केलं नाही. मग दाखला मागितला. प्रिंटर खडखडला आणि कागदावर आलं, अयोग्य, पंपाला चीर. तेव्हा कुठे मी सांगितलं की भंगारातल्या फुटलेल्या पंपावर हाच आकडा ठोकलेला आहे. सेनगुप्ताबाबूंनी तो कागद उचलला, त्यावरचा पंपाचा आकडा पाहिला, आणि खाली बसले. खोलीतल्या सगळ्यांना तो अपघात ठाऊक होता. परचुऱ्यांना नव्हता, ते म्हणाले, “तक्त्यातही पंपाला वेगळा क्रमांक देता येईल.” मी म्हटलं, “येईल. पण आपण सगळ्यांनी तो दिला नव्हता, कारण ओळ भरताना पंप दिसतच नाही, लाँच दिसते. मला अशी मांडणी हवी आहे जिच्यात पंपाला ओळख दिल्याशिवाय तो आत येऊच शकत नाही.” मग एका संचालकांनी विचारलं, “पण वीज गेली तर? अर्धी वस्तू लिहून झाली आणि वीज गेली?” या प्रश्नाची मी वाटच बघत होते. म्हटलं, “मेन स्विच पाडा.” सेनगुप्ताबाबू दचकले, परचुरे म्हणाले, “अहो, डिस्क आहे ती, असं करू नका.” मी म्हटलं, “कलकत्त्यात वीज विचारून जाते का?” आणि कुणी उठेना तेव्हा मीच जाऊन पाडला, रूपसाची नोंद लिहिली जात असताना. पंखे थांबले. नवी वस्तू पूर्ण लिहून झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही, असं मी करून ठेवलं होतं आणि घरी कंदिलाच्या उजेडात कागदावर शंभर वेळा तपासलं होतं. पण कागद वेगळा आणि मशीन वेगळं. स्विच वर केला, मशीन चालू व्हायला वेळ लागला. रूपसा आली. अखंड आली, केतकीचा चिरलेला पंप अंगावर घेऊन.

निकाल असा झाला की पगार आणि गुदामाचा माल परचुऱ्यांच्या तक्त्यांत राहणार, आणि लाँचेस, त्यांची इंजिनं, त्यांचा सगळा इतिहास माझ्या पद्धतीने राहणार. मला हे मान्य आहे. पगाराला तक्ताच बरा. परचुरे जाताना म्हणाले, “तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही, पण रूपसाच्या बाबतीत तुमचंच बरोबर आहे.” नानांसाठी संदेश मिठाई, तीही नोलेन गुडाची, खजुरीच्या नव्या गुळाची, मागवून गेले.

पण मी काम सुरू करायला नकार दिला. सेनगुप्ताबाबूंना सांगितलं की आधी चौकशीच्या कागदावरची ती ओळ बदलायची. ते म्हणाले, “जुनं प्रकरण आहे, कोण उकरणार? कुणाचं नाव तर घेतलेलं नाही.” मी म्हटलं, “नाव घेतलं असतं तर तिला निदान भांडता आलं असतं.” आठवडाभर त्यांनी टाळलं. आठवडाभर मी डिस्कच्या कपाटाला हात लावला नाही, टेबलाशी बसून पेन्सिलींना टोकं करत राहिले. सगळे म्हणायला लागले, कालिंदीदीचं डोकं फिरलं. परवा त्यांनी मला बोलावून सहीशिक्क्याचा कागद दिला. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता, माहिती ठेवण्याच्या पद्धतीत होता, आणि ती पद्धत व्यवस्थापनाने मंजूर केलेली होती, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्याची नक्कल या पत्रासोबत आहे. देताना सेनगुप्ताबाबू माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे तेव्हाच व्हायला हवं होतं.”

तो कागद घेऊन मी आधी निताईकडे गेले. मेटियाब्रुजला राहतो. एका डोळ्याने दिसत नाही, चेहऱ्याची उजवी बाजू ओढलेली आहे, हात मात्र सुधारलेत. आता हत्यारांच्या खोलीत असतो. त्याच्या बायकोने मुरमुरे आणि नारळ दिला. मी त्याला पंपाचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “पंप फुटला तर फुटला, त्यात वृंदादीचं काय? मला वेगळंच वाटत होतं. त्या हॉस्पिटलात आल्या, माझं तोंड बघितलं आणि दारातूनच परत गेल्या. मग ऐकलं की शहरच सोडून गेल्या. मला वाटायचं, मी इतका भयानक दिसतो का?” वृंदा, दोन वर्षं हा माणूस असं समजून चाललाय. मी त्याला तुझ्या वतीने काही सांगू शकले असते. सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महाराष्ट्र मंडळात शकुनताई भेटल्या. जयप्रकाशरावांची बदली परत कलकत्त्याला झाली, मार्चात ते येतायत, आणि तू येणार नाहीस, शाळेचं निमित्त सांगून नागपूरलाच राहणार आहेस, हे मला त्यांच्याकडून कळलं. तू मला कळवलं नाहीस, त्याचा राग नाही. पण तू जे ओझं घेऊन नागपूरला बसली आहेस, ते तुझं नाही, हे आता सहीशिक्क्यानिशी तुझ्या हातात आहे. कामाला मला दुसरा माणूस मंजूर झालाय. चार अर्ज आलेत, चारही मी ड्रॉवरमध्ये ठेवलेत. सेनगुप्ताबाबूंना सांगितलंय की मार्चपर्यंत थांबा, त्यांनी विचारलंसुद्धा नाही कुणासाठी. जयप्रकाशरावांना मी वेगळं लिहिलेलं नाही, त्यांच्याशी तुझं तू बोल. त्यांच्याबरोबर येऊन नोकरी करायची की घरी बसून गणित शिकवायचं, तो तुझा प्रश्न, मी शब्द काढणार नाही. पण येशील त्या पहिल्या रविवारी तुला घेऊन मी मेटियाब्रुजला जाणार आहे, आणि या वेळी तू दारातून परत फिरायचं नाहीस. निताईच्या बायकोला मी तसा निरोप देऊन आलेय.

तुझीच,
कालिंदी